सिंधमधून आलेली पोथी घरी कशी जपायची

उल्हासनगरात अजून कितीतरी सिंधी घरांत देवघरात रुमालात बांधलेली पोथी असते, कुणाकडे सुखमनी साहिब (गुरु अर्जनदेवांची शीख प्रार्थना), कुणाकडे गीता, फाळणीनंतर कराचीहून बोटीने मुंबईला आणि तिथून कल्याण कॅम्पच्या, म्हणजे आताच्या उल्हासनगरच्या, बराकीत आलेली. घरदार, दुकान सगळं मागे राहिलं आणि पोथी बरोबर आली, तर ती आपल्या दमट कपाटात कसर लागून जाऊ देऊ नका, अगदी कळकळीने सांगतोय.

सगळ्यात आधी मोबाईल काढा आणि घरातल्या आजी-आजोबांना ती वाचायला सांगून रेकॉर्ड करा. बऱ्याच पोथ्या अरबी वळणाच्या ५२ अक्षरी सिंधी लिपीत असतात, उजवीकडून डावीकडे, आणि आताच्या मुलांना ती वाचता येत नाही, त्यामुळे हे काम पुढच्या दिवाळीवर ढकलू नका. गाव कुठलं, शिकारपूर, लारकाना की हैदराबाद, कोणी आणली, कशात गुंडाळून आणली, हेही त्याच रेकॉर्डिंगमध्ये विचारून घ्या.

मग फोटो. हात धुवून पूर्ण कोरडे करा, पोथी सपाट उघडायची नाही, शिवण तुटते, दोन्ही बाजूंना टॉवेलच्या गुंडाळ्या लावून जेवढी सहज उघडेल तेवढीच उघडा, खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश बंद. कोरी पानं आणि पुठ्ठ्याची आतली बाजूसुद्धा सोडू नका कारण तिथेच कुणाच्या जन्माची तारीख, कुणाचा हिशोब लिहिलेला सापडतो. हे सगळं हिवाळ्यात करा, पावसाळ्यात नको. हस्तलिखित गुरु ग्रंथ साहिब असेल तर मात्र आधी दरबारातल्या (सिंधी गुरुद्वारातल्या) ग्रंथींना, म्हणजे ग्रंथाचं पठण करणाऱ्यांना, विचारा, मर्यादा पाळूनच हात लावायचा. पंजाब डिजिटल लायब्ररी ही चंदीगडची संस्था अशा हस्तलिखितांचं डिजिटायझेशन करते, त्यांच्याशी बोलून बघता येईल.

फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका!! त्याचा गोंद पिवळा पडून कागदात उतरतो आणि मग तज्ज्ञालाही काढणं अवघड जातं. लॅमिनेशन तर नकोच. सुटलेलं पान त्याच जागी ठेवा आणि दुरुस्ती कागदाच्या कॉन्झर्व्हेटरकडूनच, म्हणजे जुने कागद जपणाऱ्या तज्ज्ञाकडूनच, करून घ्या.

बांधताना आत खळ काढलेलं, धुतलेलं पांढरं सुती कापड आणि जरीचा किंवा लाल रुमाल त्याच्या बाहेरून, कारण दमट हवेत लाल रंग पानांवर उतरतो. प्लॅस्टिकची पिशवी नको, आत ओल धरते. डांबराच्या गोळ्याही नकोत. बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट टाळा आणि खालचा कप्पा तर नाहीच, २६ जुलै २००५ ला इथे किती घरांत पाणी शिरलं होतं ते आठवा. दिवा-अगरबत्ती थोडी लांब, हळद-कुंकू रुमालावर वाहा, पानांवर नको. महिन्यातून एकदा उघडून बघा, बारीक भोकं किंवा भुसा दिसला तर ती लगेच बाकीच्या पुस्तकांपासून वेगळी करा.

अजून एक, दुबई-अमेरिकेतले नातेवाईक मागतात म्हणून बॅगेत घालून देऊ नका. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात ७५ वर्षांहून जुनं, ऐतिहासिक किंवा साहित्यिक मोल असलेलं हस्तलिखित पुरावस्तू धरलं जातं आणि खाजगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही, आपली पोथी त्यात बसते का हे आधी पुरातत्त्व खात्याकडून विचारून घ्या, तोवर त्यांना फोटो आणि आजीचं रेकॉर्डिंग पाठवा.