थंडीआधीची तयारी: पिकअप, घर आणि बाहेरच्या नळाचा पाइप

मागच्या थंडीआधी मी पिकअपवर अख्खा रविवार घालवला, बॅटरी, टायर, कूलंट सगळं केलं, शेवटी गाडी स्वच्छ धुतली, नळ बंद केला आणि घरात गेलो. रबरी पाइप नळाला तसाच राहिला. थंडी सरल्यावर नळ पहिल्यांदा उघडला तेव्हा बाहेर जेमतेम धार आली आणि बाकीचं पाणी भिंतीच्या आत उतरलं. लाकडी फ्लोअरिंग फुगलं, भिंत फोडून नळी बदलावी लागली. म्हणून ह्या यादीतली पहिली गोष्ट गाडीची नाहीच. बाहेरच्या नळाचा पाइप काढा. वाचणं इथेच थांबवून काढून आलात तरी चालेल.

कारण सांगतो, कारण मलाही वाटायचं की नळ बंद केला म्हणजे झालं. गोठू नये म्हणून जो खास नळ बसवतात त्याची मूठ बाहेर असते, पण पाणी अडवणारा वॉशर भिंतीच्या आत २०-३० सेंटिमीटरवर, घराच्या उबेत असतो. नळ बंद केला की मधल्या नळीतलं पाणी तोंडातून गळून जातं आणि नळी रिकामी होते. पाइप लावलेला असेल तर त्या पाण्याला जायला वाटच नाही, ते तिथेच तुंबतं. गोठताना पाणी साधारण ९ टक्के फुगतं, बर्फ बाहेरून आत सरकत येतो, बर्फ आणि वॉशर ह्यांच्यामध्ये सापडलेल्या पाण्यावर दाब चढत जातो आणि नळी फाटते. फाटते वॉशरच्या पुढे, त्यामुळे नळ बंद आहे तोवर एक थेंब गळत नाही आणि महिनोन्महिने काही कळत नाही. तुमचा नळ साधा असेल तर नुसता पाइप काढून भागणार नाही, घरातून त्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद करा, मग बाहेरचा नळ उघडून पाणी निथळू द्या आणि तो तसाच उघडा ठेवा.

आता गाडी. बॅटरी तीन-चार वर्षांची झाली असेल तर लोड टेस्ट, म्हणजे भार देऊन तपासणी, करून घ्या, नुसत्या व्होल्टेजवर विश्वास ठेवू नका, १२.६ दाखवणारी बॅटरीही सेल्फ मारताना बसते. उणे १८ अंशाला बॅटरीची ताकद जवळपास निम्मी होते आणि नेमकं तेव्हाच ऑइल घट्ट झालेलं असल्यामुळे इंजिनाला फिरायला जास्त जोर लागतो. टर्मिनलवर पांढरी पावडर धरली असेल तर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी.

कूलंटमध्ये उन्हाळ्यात साधं पाणी टॉपअप केलं होतं का आठवा. अर्धं अँटिफ्रीझ अर्धं पाणी हे मिश्रण उणे ३७ अंशाच्या आसपास गोठतं, पाणी वाढवत गेलात की ही मर्यादा वर सरकते. आणि जास्त अँटिफ्रीझ म्हणजे जास्त चांगलं असंही नाही, नुसतं अँटिफ्रीझ उणे १३ च्या आसपासच गोठतं. कूलंट टेस्टरने मोजा, इंजिन गार असतानाच झाकण उघडा, आणि सांडलेलं लगेच पुसा, ते चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

टायरची हवा दर ५-६ अंशांमागे साधारण १ पीएसआय उतरते, महिन्यातून दोनदा बघा, टायर थंड असताना. वायपर, काच धुवायचं न गोठणारं पाणी, लाइट, हे सांगायला नको.

पिकअपची खरी अडचण मागे आहे. हौदा रिकामा असला की मागच्या चाकांवर वजनच नसतं, निसरड्यावर मागची बाजू घसरते. वाळूच्या गोण्या टाका, पण मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे, टेलगेटला चिकटवून नाही, मागे टाकल्या तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंगला पकड राहत नाही. आणि बांधा, न बांधलेली गोणी जोरात ब्रेक मारल्यावर केबिनवर येते. फोर व्हील ड्राइव्ह असेल तर गरज पडायच्या आधी एकदा लावून बघा. डिझेल असेल तर थंडीचं, गारठ्यात घट्ट न होणारं डिझेल भरा आणि फिल्टरमधलं पाणी काढा.

रस्त्यावर मीठ टाकतात तिथे चॅसीची खालची बाजू आणि चाकांच्या कमानी भर थंडीतही धुवाव्या लागतात, नाहीतर गंज धरतो. आणि इथेच परत चूक होते, कारण एकदा काढलेला पाइप जरा ऊन पडलं की गाडी धुवायला पुन्हा लावला जातो. धुऊन झालं की पाइप काढा. हात गारठलेले असतील, अंधार पडला असेल, उद्या काढतो म्हणाल, रात्रीच गोठेल. मी आता गाडीची किल्ली नळाच्या मुठीला अडकवतो आणि पाइप गुंडाळून आत नेल्याशिवाय ती काढत नाही.

घराची कामं. खिडक्यांच्या फटी, सीलंट, बाहेरचा रंग, हे सगळं थंडी पडायच्या आत, बहुतेक सीलंट ५ अंशांच्या खाली नीट धरत नाहीत, डब्यावर लिहिलेलं असतं, वाचा. पाण्यातला रंग रात्रभर हौद्यात ठेवू नका, गोठला की फाटतो. पन्हळी साफ करा. गरम न होणाऱ्या खोल्यांतल्या नळ्यांना फोमची वेष्टणं घाला. मेन व्हॉल्व्ह कुठे आहे ते घरातल्या प्रत्येकाला दाखवा आणि तो फिरतो का ते आजच बघा, माझा फिरला नव्हता. नळी गोठलीच तर नळ उघडा ठेवून हेअर ड्रायरने नळाच्या बाजूकडून उष्णता द्या, ज्योत कधीच लावू नका. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका, दोन मिनिटंही नाही. घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवा.

टॉर्च, हातमोजे, जंपर केबल, फावडं, टाकी अर्धी तरी भरलेली. बस.

आणि पाइप काढला का?