एक्सेल सारखं बंद पडतंय? पुन्हा इन्स्टॉल करण्याआधी हे करून पाहा

मार्चअखेर, सोसायटीचा हिशेब निम्मा भरून झालेला आणि एक्सेल एकदम गायब! पुन्हा उघडलं, पाच मिनिटांत पुन्हा तेच. मी वैतागून एक्सेल काढून नव्याने टाकलं, तरी काही फरक नाही. दोष होता एका पीडीएफ बनवणाऱ्या प्रोग्रामने त्यात बसवलेल्या अ‍ॅड-इनचा. अ‍ॅड-इन म्हणजे एक्सेलला जादा सोयी देणारा छोटा जोड-प्रोग्राम. दोन दिवस वाया गेले. तुमचे जाऊ नयेत.

सगळ्यात आधी फाइलची एक प्रत वेगळ्या जागी ठेवा. मग कोरी फाइल उघडून थोडं काम करा. ती नीट चालली, तर बिघाड बहुधा जुन्या फाइलमध्येच आहे. अशा वेळी फाइल, ओपन, ब्राउझ असं जाऊन ती फाइल निवडा, ओपन बटणाशेजारचा बाण दाबा आणि ‘ओपन अँड रिपेअर’ घ्या.

कोरी फाइलही बंद पडली, तर विंडोजनेच लिहून ठेवलेली नोंद वाचा. ही पायरी बरेच जण सोडून देतात, आणि खरी माहिती तिथेच असते. स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ टाइप करून ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी’ उघडा. ज्या दिवशी लाल फुली दिसेल, त्यावर क्लिक करा, खाली एक्सेलच्या नोंदीवर डबल क्लिक करा आणि ‘फॉल्ट मोड्यूल नेम’ ही ओळ शोधा. प्रोग्राम कोणत्या फाइलमध्ये कोसळला, ते तिथे लिहिलेलं असतं. माझ्याकडे तिथे सरळ त्या अ‍ॅड-इनच्या फाइलचं नाव होतं. ग्राफिक्स ड्रायव्हरचं (पडद्यावरचं चित्र सांभाळणाऱ्या प्रोग्रामचं) नाव दिसलं, तर तो ड्रायव्हर अपडेट करा. ‘एनटीडीएलएल.डीएलएल’ (ntdll.dll, विंडोजची स्वतःची फाइल) दिसलं, तर लगेच विंडोजला दोष देऊ नका. चूक दुसऱ्याची असली तरी प्रोग्राम कोसळतो तो अनेकदा तिथे. ‘सी००००००५’ (c0000005) हा कोडही फार दिसतो. प्रोग्रामने नको त्या मेमरीला हात लावला, एवढंच तो सांगतो. कुणामुळे, ते सांगत नाही.

आता संशयिताची परीक्षा. कंट्रोलची कळ दाबून धरा आणि एक्सेल उघडा. सेफ मोडबद्दल विचारलं की ‘येस’ म्हणा. यात अ‍ॅड-इन चालत नाहीत. एक्सेल इथे टिकलं, तर फाइल, ऑप्शन्स, अ‍ॅड-इन्स इथे जा, खाली ‘कॉम अ‍ॅड-इन्स’ निवडून ‘गो’ दाबा आणि सगळ्या खुणा काढा. एक्सेल नेहमीसारखं सुरू करा आणि एकेक अ‍ॅड-इन परत लावत जा. घाई करून दोन-तीन एकदम लावलीत, तर नेमकं कोणतं नडलं ते कळणार नाही.

सेफ मोडमध्येही बंद पडतंय? मग सेटिंग्जमधल्या अ‍ॅप्सच्या यादीत ऑफिस शोधा, ‘मॉडिफाय’ दाबून आधी ‘क्विक रिपेअर’ करा. त्याने भागलं नाही, तरच ‘ऑनलाइन रिपेअर’. त्याला इंटरनेट आणि बराच वेळ लागतो.

एक्सेलच नव्हे, ब्राउझर आणि इतर प्रोग्रामही कोसळत असतील, तर रॅमवर, म्हणजे संगणकाच्या मेमरीवर, संशय घ्या. स्टार्टमधून ‘विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक’ चालवा. संगणक रीस्टार्ट होतो, म्हणून आधी सगळं सेव्ह करा. त्यात दोष निघाला, तर संगणक दुरुस्तीला नेताना त्या लाल फुल्यांच्या पानाचा फोटोही सोबत न्या.