बॅटरी न संपवता रात्रभर वारा

मे महिन्यात गोव्यातल्या मोरजीला व्हॅनमध्ये झोपणं म्हणजे मोदकपात्रात झोपणं. आधी मी इन्व्हर्टरवर घरचा 50 वॅटचा टेबलफॅन लावायचो. पहाटे चारला बॅटरी बसायची. हिशेब मांडल्यावर डोळे उघडले: पंखा अधिक इन्व्हर्टर स्वतः खातो ते, मिळून 12 व्होल्टवर जवळपास 5 अँपिअर. नऊ तासांत 45 अँपिअर-तास! माझी लेड-अ‍ॅसिड बॅटरी 100ची. ती निम्म्याखाली वारंवार उतरवली की लवकर मरते. त्यात फ्रिजही तिच्याच जिवावर.

इन्व्हर्टर काढून टाकला. म्हापशाहून कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचे 120 मिलिमीटरचे, 12 व्होल्टचे दोन पंखे आणले. प्रत्येकी 0.2 अँपिअर, म्हणजे रात्रभरात दोन्ही मिळून चार अँपिअर-तासांच्या आत. एक उशाच्या खिडकीत हवा आत घेणारा, दुसरा छताच्या झरोक्यात बाहेर फेकणारा. पहिल्या दिवशी दोन्ही आत फुंकणारे बसवले आणि घामाघूम होऊन बायकोचं ऐकलं. हवेची दिशा दाखवणारा बाण बहुधा पंख्याच्या चौकटीवरच असतो.

गाडी चालू असताना व्होल्टेज 14.4 पर्यंत चढतो. एक पंखा घुरघुरायला लागला. आता मध्ये बक-बूस्ट कन्व्हर्टर आहे, म्हणजे बॅटरीचा व्होल्टेज कमी असो वा जास्त, पंख्याला 12च देणारा. नुसता बक, म्हणजे फक्त व्होल्टेज उतरवणारा, घेऊ नका; बॅटरी उतरली की तो 12 देऊ शकत नाही. 2 अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाशीच लावला, पंख्याजवळ नव्हे.

खाऱ्या हवेने एक जोड हिरवा पडलाय. तो या रविवारी सोल्डर करणार.