पीएसपीला जीपीएस लावायचंय? पैसे टाकायच्या आधी एवढं बघून घ्या

आधीच सांगून टाकतो, रस्ता शोधायला म्हणून घेत असाल तर नका घेऊ. फोनमध्ये जीपीएस आहे, मॅप ऑफलाइन डाउनलोड होतो, तेही फुकट, विषय संपला. पण जुना पीएसपी (सोनीचा हातात धरून खेळायचा गेम कन्सोल) कपाटात पडलाय आणि त्याच्या डोक्यावर सोनीचा तो जीपीएस बसवून बघायची खाज आहे, किंवा जपानमधल्या कुणा ओळखीच्याला सेकंडहँड सापडलाय आणि तो विचारतोय घेऊ का, तर मग वाचा, कारण यात फसायच्या जागा बऱ्याच आहेत.

त्या रिसीव्हरचा मॉडेल नंबर पीएसपी-२९०. जपानमध्ये २००६ च्या डिसेंबरमध्ये आला. तो वरच्या यूएसबी पोर्टमध्ये बसतो आणि बाजूच्या दोन भोकांत आवळला जातो. सोनीचा कॅमेराही याच जागी बसतो, त्यामुळे लिस्टिंगमधल्या धूसर फोटोवर जाऊ नका, विकणाऱ्याला मागच्या बाजूचा मॉडेल नंबर दिसेल असा फोटो मागा, आणि तो द्यायला टाळाटाळ करत असेल तर सोडून द्या. जीपीएस आणि कॅमेरा एकत्र लावता येत नाहीत हे ओघानं आलंच.

आता तुमचा पीएसपी कुठला ते बघा. २००० आणि ३००० सिरीज असेल तर उत्तम. १००० म्हणजे तो जुना जाडा, त्याच्यावर रिसीव्हर बसतो, पण युरोपातलं गो!एक्सप्लोर सॉफ्टवेअर स्लिमसाठी, म्हणजे २००० आणि ३००० साठी, काढलेलं आहे, स्लिममध्ये रॅम ६४ एमबी आणि जाड्यात ३२, त्यामुळे जाडा असेल तर त्या डिस्कवर पैसे घालवू नका. आणि पीएसपी गो असेल तर विचारच नको, पोर्ट वेगळा आणि यूएमडीची, म्हणजे पीएसपीच्या छोट्या डिस्कची, जागाच नाही.

खरी गोम मॅपमध्ये आहे. रिसीव्हर नुसता आकाशातून सिग्नल घेतो, तुम्ही कुठे आहात तेवढं सांगतो, रस्ते त्याला माहीत नसतात, ते यूएमडी डिस्कवर असतात. गो!एक्सप्लोर २००८ मध्ये नॅव्हिगॉन या जर्मन कंपनीबरोबर काढलेलं, मॅप युरोपातल्या देशांचे. जपानमध्ये वेगळ्या डिस्क होत्या, त्या जपानी भाषेत आणि जपानच्याच. म्हणजे पुण्यात बसून युरोपची डिस्क घातली तर ती चालेल, पीएसपीच्या गेमना रिजन लॉक (एका देशातली डिस्क दुसरीकडच्या मशीनवर न चालणं) नाही, पण स्क्रीनवर इंग्लंडचे रस्ते दिसतील आणि तुम्ही कोथरूडात. लंडन-बर्मिंगहॅमकडचे आपले लोक म्हणतील आमच्याकडे चालेल की, तर चालेल, पण तेव्हाचा मॅप, नवीन झालेले रस्ते आणि बदललेले वनवे त्यात नाहीत, ट्रॅफिकचं तर नावच नको. गाडी चालवताना त्याच्यावर विसंबू नका.

भारतात याचा खरा उपयोग करायचा तर एकच वाट, होमब्रू, म्हणजे हौशी लोकांनी बनवलेले प्रोग्राम. कस्टम फर्मवेअर (सोनीच्या सिस्टिमऐवजी टाकलेली बदललेली सिस्टिम) असलेल्या पीएसपीवर मॅप धिस! नावाचा प्रोग्राम चालायचा, त्यात मॅपचे तुकडे कॉम्प्युटरवर तयार करून मेमरी स्टिकवर टाकायचे आणि मग त्याच्यावर तुमचा ठिपका हलताना दिसतो. वळायचं कुठे वगैरे आवाजात सांगेल अशी अपेक्षा ठेवू नका. ज्यांना असल्या खटपटीतच मजा येते त्यांच्यासाठी हे भारी आहे, बाकीच्यांनी रविवार वाया घालवू नये. आणि गेममध्ये जीपीएसचा उपयोग? थोड्याच ठिकाणी, उदाहरणार्थ मेटल गिअर सॉलिड पोर्टेबल ऑप्समध्ये त्याने सैनिक भरती करता येतात. तेवढ्यासाठी घेणारे कलेक्टरच.

घेतलाच तर टेस्ट घरात करू नका, गच्चीवर जा. किमान चार सॅटेलाइट दिसल्याशिवाय नीट जागा कळत नाही, आणि फोन नेटवर्कची मदत घेऊन पटकन पकडतो तसं याचं नाही, बंद पडून राहिलेला रिसीव्हर पहिल्यांदा कित्येक मिनिटं घेऊ शकतो, म्हणून लगेच खराब आहे असं ठरवू नका, आकाश मोकळं असेल तर शांतपणे ठेवून द्या. त्याआधी पीएसपीचं मागचं झाकण काढून बॅटरी बघा, जुन्या बॅटऱ्या फुगतात, फुगलेली असेल तर ती वापरायची नाही. रिसीव्हर पीएसपीचीच बॅटरी खातो आणि वर यूएमडीची मोटर फिरत असते, म्हणजे चार्ज भराभर उतरणार. एक बरं आहे, चार्जिंगची पिन खाली वेगळी आहे, त्यामुळे जीपीएस वर लावून खालून ५ व्होल्टचा चार्जर चालू ठेवता येतो.

बरं, पीएसपीनंतर आलेली सोनीची व्हिटा घ्यावी का, तिच्या थ्रीजी मॉडेलमध्ये जीपीएस आतच आहे? फक्त वायफायवाल्यात नाही हे लक्षात ठेवा. पण नॅव्हिगेशनसाठी तीही घेऊ नका, गेमसाठी घ्या.

स्टीम डेक, म्हणजे व्हॉल्व्हचा हातात धरायचा गेमिंग पीसी, वापरणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो कारण हल्ली तिकडेच जास्त जण आहेत. डेकमध्ये जीपीएस नाही, पण आत लिनक्स आहे, त्यामुळे साधा यूएसबी जीपीएस डोंगल लागतो, आणि ऑरगॅनिक मॅप्ससारखं ॲप डेस्कटॉप मोडमध्ये फ्लॅटहब या लिनक्सच्या ॲप स्टोअरवरून घेता येतं. अडचण दोन ठिकाणी येते. एक, डेकला यूएसबी-सी पोर्ट एकच, म्हणजे डोंगल आणि चार्जिंग एकत्र हवं तर हब लागणार. दुसरं, डोंगलची माहिती ॲपपर्यंत पोचवायला जीपीएसडीसारखी सर्व्हिस टाकावी लागते, पण स्टीमओएस ही डेकची सिस्टिम बाय डिफॉल्ट रीड-ओन्ली (बदल करता न येणारी) असते आणि लॉक उघडून टाकलेलं पॅकेज पुढच्या अपडेटला उडू शकतं, मग परत सगळं पहिल्यापासून. त्यात सात-साडेसात इंची, साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास वजनाचं ते धूड गाडीच्या काचेला लावणार कसं? लॅपटॉपवर किंवा रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवरही वापरायचा असेल तर डोंगल जरूर घ्या, एकट्या डेकसाठी नको.