आधी हुड, मग इंजिन: जुन्या उघड्या गाडीचा भाव कसा काढावा

गाडी बघायला गेलात की मालक आधी बॉनेट उघडतो आणि सांगतो, "एका सेल्फमध्ये चालू होते बघा." तुम्ही म्हणायचं, "काका, आधी हुड वर करू या का?" हुड म्हणजे उघड्या गाडीचं घडी होणारं कापडी छप्पर.

माझं नाशिकला द्वारका सर्कलच्या जवळ गाड्यांच्या कुशनचं दुकान आहे. बाबांनी काढलं. तेव्हा जीपचे हुड आणि मेटाडोरच्या सीटा हेच मुख्य काम होतं. एकतीस वर्षं मी त्याच मशीनवर बसते आहे. सात वर्षांपूर्वी देवळाली कॅम्पातून १९६४ ची एक स्टँडर्ड हेराल्ड कन्व्हर्टिबल, म्हणजे कंपनीनेच हुड देऊन काढलेली उघडी मोटार, घेतली. रंग मूळचा, सीटा मूळच्या, कुठल्याही गॅरेजने 'नवी करून' न दिलेली. तिच्याआधी अकरा गाड्या बघून परत आले होते. आता कोणी अशी गाडी घ्यायला निघालं की दुकानात येऊन विचारतं, "ताई, एवढे सांगतायत, द्यावेत का?" प्रत्येकाला तेच सांगावं लागतं, म्हणून एकदाच नीट लिहून काढते.

हुडपासून सुरुवात का, ते आधी सांगते. हुडचं कापड फाटलेलं असेल तर ग्राहक लगेच भाव पाडतो. ते चुकीचं आहे. कापड मी शिवून देते, दुसरा कोणीही चांगला कुशनवाला देईल. मिळत नाही तो खालचा सांगाडा. त्याच्या दांड्या, सांधे, रिव्हेटा, काचेच्या चौकटीवर बसणारी पुढची आडवी पट्टी आणि तिचे दोन खटके. उघडी गाडी हौसेने घेणारा माणूस हुड घडी करून करून कंटाळतो, मग सांगाडाच काढून माळ्यावर टाकतो, आणि दहा वर्षांनी माळा साफ करताना तो भंगारात जातो. मी बघितलेल्या अकरापैकी सहा गाड्यांना सांगाडा नव्हताच. एका गिऱ्हाइकासाठी अंबडच्या फॅब्रिकेटरकडून आम्ही पाइप वाकवून सांगाडा बनवून घेतला होता. तीन वेळा तोडून पुन्हा केला. शेवटी तो वर उभा राहिला, पण घडी कधीच नीट बसली नाही.

दुसरं म्हणजे सांगाडा हा गाडीचा ओळंबा आहे. हुड वर करून पुढची पट्टी काचेच्या चौकटीवर नुसती टेकवा, खटके लावू नका. दोन्ही टोकं सारखी टेकली पाहिजेत. डावं टोक बसलं आणि उजवं बोटभर मागे राहिलं, तर एक तर सांगाडा वाकलेला आहे किंवा गाडीच वाकलेली आहे. कुठलं, ते दारांवरून कळतं. दाराची मागची फट वर आणि खाली सारखी आहे का बघा. वर चिमटून खाली रुंदावली असेल तर गाडी मध्ये बसली आहे. दोन धडधाकट माणसांना आत बसवा आणि मग दार उघडून लावून बघा. रिकाम्या गाडीत गुपचूप लागणारं दार माणसं बसल्यावर घासायला लागलं तर तिथेच भाव निम्मा धरा.

हेराल्डबद्दल एक गोष्ट माहीत असलीच पाहिजे. ही गाडी १९५९ मध्ये इंग्लंडात आली, आकार इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्तींनी काढलेला, आणि १९६१ पासून मद्रासला स्टँडर्ड कंपनी ती बनवू लागली. तिला स्वतंत्र चेसिस आहे आणि वरची बॉडी बोल्टने जोडलेल्या तुकड्यांची. छप्परसुद्धा बोल्टवरच बसतं. म्हणजे पाना घेऊन बसलं तर छपराची हेराल्ड दुपारपर्यंत उघडी होते. आपल्याकडे बहुतेक हेराल्ड छपराच्याच होत्या, आणि उघडी म्हणून विकायला येणाऱ्यांत अशा छप्पर उतरवलेल्या गाड्या बऱ्याच असतात. त्या चालवायला वाईट नसतात, पण कन्व्हर्टिबलचा भाव त्यांना देऊ नका. ओळखायचं कसं? मागच्या बाजूला छपराच्या बोल्टची भोकं किंवा ती बुजवल्याच्या खुणा शोधा. मागच्या सीटच्या दोन्ही अंगांना घडी केलेल्या सांगाड्याला जागा लागते. सीट या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत असेल तर सांगाडा बसत कुठे होता, ते मालकाला विचारा. आणि आरसीवर बॉडीचा प्रकार काय लिहिलाय ते वाचा. तिथे 'सलून', म्हणजे पक्क्या छपराची गाडी, असेल तर बोलणं संपलं.

आता पत्रा. मी सुया गोळा करायचं लोहचुंबक मऊ कापडात गुंडाळून नेते. चाकांच्या कमानी, दाराचा खालचा भाग, डिकीचा तळ, बॉनेटची पुढची कड, सगळीकडून हळूच फिरवा. चुंबक जिथे पकड सोडतं तिथे लांबी, म्हणजे पत्र्याचे खड्डे बुजवायची पुट्टी, भरलेली आहे. दारांखालच्या चकचकीत पट्ट्यांवर भुलू नका, हेराल्डमध्ये त्या बोल्टच्या असतात, बदलणं सोपं. खरा भार चेसिसवर आणि तिच्यातून बाजूंना निघालेल्या हातांवर, ज्यांना गॅरेजवाले आउटरिगर म्हणतात, त्यांच्यावर असतो. तिथे पाणी साचतं आणि पत्रा आतून खातं. जमिनीवर पोतं टाका, आडवे व्हा, स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोका. टणक आवाज आला तर ठीक. भद आवाज आला तर डेंटरचा खर्च वहीत लिहा.

गाडी राहिली कुठे यालाही किंमत आहे. नाशिकची हवा पत्र्याला बरी. समुद्रकाठी उभी राहिलेली गाडी वरून कितीही देखणी असो, मॅट उचलल्याशिवाय तिच्याबद्दल बोलू नका. आमच्या जिल्ह्यातही इगतपुरीच्या पावसात पत्र्याच्या शेडखाली राहिलेली गाडी आणि देवळालीत बंगल्याच्या गॅरेजमध्ये राहिलेली गाडी यांत फार अंतर असतं.

इंजिनावर मी थोडंच लिहिते, कारण त्याला मिस्त्री मिळतो. मद्रासच्या हेराल्डचं इंजिन ९४८ सीसीचं. अख्खं बॉनेट पुढे उलटतं, त्यामुळे सगळं उभ्याने दिसतं. एकाला क्लच दाबायला सांगा आणि तुम्ही इंजिनाच्या पुढच्या पुलीकडे बघत राहा. पुली नजरेला दिसेल इतकी पुढे सरकली तर क्रँकचे, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याचे, थ्रस्ट वॉशर झिजले आहेत, इंजिन उतरवायच्या तयारीने बोला. इंजिनाचा नंबर आरसीशी जुळतो का तेही बघा. दुसऱ्याच गाडीचं इंजिन बसवलेलं असेल आणि आरसीवर त्याची नोंद नसेल तर ती कटकट तुमच्या गळ्यात येते.

पुढच्या चाकांचं मात्र मला महागात पडलं, म्हणून सविस्तर सांगते. हेराल्डचं पुढचं चाक ज्या उभ्या लोखंडी दांड्यावर फिरतं, त्याचं खालचं टोक एका पितळी ठोकळ्यात, ट्रनियनमध्ये, आट्यांवर बसलेलं असतं. त्यात गिअरचं घट्ट तेल, ९० नंबरचं, जायला हवं. लोक सवयीने ग्रीस भरतात, ग्रीस सुकतं, पाणी शिरतं, आणि दांडा आतल्या आत गंजून एक दिवस मोडतो. मी मालकांच्या जावयांना एवढंच विचारलं, "ग्रीसिंग वेळच्या वेळी होतं ना?" ते "हो" म्हणाले आणि मी समाधानाने वहीत खूण केली. चुकीचा प्रश्न विचारला होता. दुसऱ्या महिन्यात गंगापूर रोडला वळताना डावं चाक आत मुडपलं. वेग पंधरा-वीसचा होता म्हणून मी आणि माझी भाची धड राहिलो. तुम्ही विचारा, "तिथे तेल भरता की ग्रीस?" ग्रीस म्हणाले, किंवा माहीत नाही म्हणाले, तर दोन्ही बाजूंचे दांडे आणि ट्रनियन बदलायचा खर्च धरा, आणि ते होईपर्यंत गाडी टेम्पोवरच आणा.

हात न लागलेल्या गाडीला जास्त पैसे द्यावेत का? माझं मत, द्यावेत, पण मोजून. अर्धवट नवी केलेली गाडी मला नको वाटते. तिच्यात कोणी काय झाकलंय ते कळत नाही, आणि आधीच्याने घातलेला पैसा तो तुमच्याकडून मागतो. मूळ गाडीतली खराबी उघडी दिसते. शिवाय तिच्यातून माप मिळतं. माझ्या गाडीच्या मागच्या सीटखाली जुनं रेक्झिन दुमडलेलं होतं, ऊन न लागलेलं, मूळ लालसर रंगाचं. पायपिंगची जाडी, टाक्यांचं अंतर, सगळं तिथून उतरवता आलं. कोणी ते फाडून नवं कव्हर चढवलं असतं तर माझ्यासारखीलाही अंदाजाने शिवावं लागलं असतं. म्हणून मूळ सीटा फाटक्या असल्या तरी त्यांचे पैसे कापू नका.

कागद शेवटी लिहितेय, पण बघायचे मात्र सर्वांत आधी. चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासा, आरटीओत काढतात तसं ट्रेसिंग, आणि आरसीशी एकेक आकडा ताडून बघा. आरसी वारलेल्या माणसाच्या नावावर असेल, आणि जुन्या गाड्यांत ती बहुधा असतेच, तर आधी फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर होऊ द्या, मग २९ आणि ३० भरून तुमच्या. नोंदणी बाहेरची असेल तर तिथली एनओसी. २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नव्या नोंदणीला २० हजार फी, मुदत १० वर्षं. पण चेसिस, बॉडी, इंजिन मूळ रूपात हवं, आणि अशी गाडी रोज भाजीला नेता येत नाही. छप्पर उतरवलेल्या गाडीचा मालक "व्हिंटेजमध्ये टाकता येईल" म्हणून भाव चढवत असेल तर त्याला हा नियम वाचायला सांगा. कागदच नसतील तर ती गाडी म्हणून घेऊ नका, सुट्या भागांच्या भावात घ्या.

जीप बघत असाल तर हाच हिशोब, फक्त हुडच्या सांगाड्याचं वजन कमी धरा. महिंद्राच्या सीजे थ्री बी जीपचा सांगाडा साधा असतो, आठवड्यात बनतो.

आता प्रत्यक्ष आकडे. देवळालीच्या गाडीला साडेचार लाख सांगितले होते. त्या वर्षी माझ्या ओळखीत दोन चालत्या, नीटनेटक्या, कागद साफ असलेल्या हेराल्ड कन्व्हर्टिबलचे सौदे झाले होते, दोन्ही आठ लाखांच्या आसपास. लक्षात घ्या, मी झालेला सौदा धरते, सांगितलेला भाव धरत नाही. मग खर्च लिहिला: पत्रा आणि रंग २,२०,०००; चेसिसचे हात ४५,०००; इंजिन ७०,०००; ब्रेक, सस्पेन्शन, टायर ६५,०००; वायरिंग २०,०००; क्रोम ३५,०००; हुड आणि सीटा ६०,०००. बेरीज ५,१५,०००. उघडल्यावर निघणाऱ्या कामासाठी आणखी एक लाख, हा आकडा कधीही वगळू नका. आठ लाखांतून ६,१५,००० गेले, उरले १,८५,०००. सांगाडा पूर्ण, सीटा मूळ, कंपनीचं पुस्तक गाडीसोबत, म्हणून मी ५० हजार चढवले. २,३५,०००.

गाडी आजोबांची, ते वारले होते. व्यवहाराचं बोलणं त्यांचे जावई करत होते, पण मी वही आजींसमोर ठेवली. भाव पाडायचा असेल तर गाडीला नावं ठेवू नका, कागद दाखवा. ज्यांनी ती पन्नास वर्षं सांभाळली त्यांना गाडीची निंदा लागते. आजींनी चष्मा लावून एकेक ओळ वाचली. मग हुडच्या ओळीवर बोट ठेवलं. "साठ हजार कशाला गं? तू तर हुडच शिवतेस ना?"

म्हटलं, "आजी, कापड मलाही विकत घ्यावं लागतं, आणि बारा दिवस दुकानाचं दुसरं काम बंद राहतं."

"कापडाचे घे. बारा दिवसांचे मी नाही देणार. ते दिवस तू तुझ्या हौसेने घालवणार आहेस."

बरोबर होतं त्यांचं. मजुरीचे १५ हजार मी त्या ओळीतून काढले आणि २,५०,००० वर आले. ११ हजार इसार दिला, बाकी आरसी आजींच्या नावावर झाल्यावर द्यायचे ठरले. त्याला चार महिने लागले. तोवर गाडी त्यांच्याच गॅरेजमध्ये होती, आणि दर रविवारी मी जाऊन हुड वर करून, पुसून, परत घडी घालून येत होते.