पहिली नोकरी मोठ्या कंपनीत घ्यावी का? सांगलीतल्या पोरापोरींसाठी थोडं सविस्तर

दरवर्षी मे-जून आला की आमच्या गल्लीत कुणाचं ना कुणाचं ऑफर लेटर येतं आणि ते मला दाखवायला आणतात, यंदा तीन आली. प्रश्न एकच असतो, ताई एवढी मोठी कंपनी आहे, जाऊ ना? सोबत आई आलेली असते, तिचं उत्तर आधीच ठरलेलं असतं, पेढे वाटून झालेले असतात. उभ्या उभ्या दहा मिनिटांत हे नीट सांगता येत नाही म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय.

मी 2016 ला कॉम्प्युटर सायन्स करून सांगलीतूनच बाहेर पडले. पहिली सव्वातीन वर्षं हिंजवडीत एका खूप मोठ्या आयटी सर्व्हिस कंपनीत, मग पुण्यातच एका चाळीस माणसांच्या छोट्या कंपनीत, आणि गेली चार वर्षं परत एका मोठ्या कंपनीत, पण ही स्वतःचं प्रॉडक्ट बनवणारी.

आधी पैशाचं बोलू, कारण घरी सगळ्यात आधी तेच विचारतात.

माझे वडील मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. माझं ऑफर लेटर आलं तेव्हा मी त्यांना पहिलं पान दाखवत होते, त्यावर 3 लाख 36 हजार असं ठळक लिहिलेलं. त्यांनी चष्मा लावला, पहिलं पान उलटून बाजूला ठेवलं आणि थेट शेवटच्या पानावरचा तक्ता उघडला. मग एक जुनी पट्टी (अडत दुकानातून शेतकऱ्याला मिळते ती हिशोबाची पावती) घेऊन तिच्या पाठीमागे पेन्सिलीने लिहीत बसले. मी बारानं भागून महिन्याला 28 हजार धरले होते. त्यांनी त्यातून व्हेरिएबलचे (कामगिरी बघून मिळणाऱ्या पगाराचे) 1,500 काढले, कंपनीच्या वाट्याचा पीएफ 1,800, ग्रॅच्युइटी (बरीच वर्षं काढल्यावर नोकरी सोडताना मिळते ती रक्कम) 722, मेडिकल इन्शुरन्स 500, मग माझ्या वाट्याचा पीएफ 1,800 आणि प्रोफेशनल टॅक्स 200. खाली आकडा आला 21,478. म्हणाले, अगं ही पट्टीच आहे, हमाली तोलाई वजा जाऊन तळाला राहतं ते शेतकऱ्याचं, वरच्या आकड्यावर कुणी सोयरीक करत नाही.

तेव्हापासून मी प्रत्येकाचं लेटर तसंच खालून वाचते. पीएफ जातो असं समजू नका, तुमचे 1,800 आणि कंपनीचे 1,800 हे तुमच्याच नावावर साठतात (यातला कंपनीच्या वाट्यातला काही भाग पेन्शन खात्यात जातो). पण ग्रॅच्युइटी सीटीसीमधे, म्हणजे लेटरवरच्या वर्षाच्या एकूण आकड्यात, पहिल्या दिवसापासून धरलेली असते आणि माझ्या वेळी ती मिळायला सलग पाच वर्षं काढावी लागायची, मी सव्वातीन वर्षांत निघाले, मला रुपया मिळाला नाही. व्हेरिएबल मिळेलच असं नाही. जॉइनिंग बोनस असेल तर वर्षाच्या आत सोडल्यावर तो परत द्यावा लागतो असं बहुतेक लेटरमधे लिहिलेलं असतं, ती ओळ शोधा. एक बरं झालंय, 2023 पासून महाराष्ट्रात बायकांना महिना 25 हजारांपर्यंत पगारावर प्रोफेशनल टॅक्स नाही.

मोठ्या प्रॉडक्ट कंपन्यांच्या ऑफरमधे शेअर्स पण धरलेले असतात आणि तो आकडा बघून डोळे फिरतात. ते शेअर्स एकदम हातात येत नाहीत, साधारण चार वर्षांत तुकड्या-तुकड्यानं मिळतात, बऱ्याच ठिकाणी पहिलं वर्ष पूर्ण व्हायच्या आत सोडलं तर काहीच नाही. अॅमेझॉनची जुनी पद्धत पहिल्या वर्षी 5 टक्के, दुसऱ्या वर्षी 15 आणि उरलेले 80 टक्के शेवटच्या दोन वर्षांत अशी होती. त्यामुळे अमक्याच्या पोराला 40 लाखांचं पॅकेज असं कुणी सांगितलं की आधी विचारा, रोख किती.

आता जे मला मनापासून सांगायचंय ते. मोठी कंपनी ही एक गोष्टच नाही. सर्व्हिस कंपनी दुसऱ्यांची कामं करून देते, तुमच्या तासांचं बिल क्लायंटला जातं, म्हणून तिथे तुम्ही बिलेबल आहात (तुमच्या कामाचे पैसे क्लायंट देतोय) की बेंचवर (प्रोजेक्टशिवाय बसून) हे सगळ्यात मोठं. प्रॉडक्ट कंपनी स्वतःची वस्तू बनवते. आणि परदेशी बँका, रिटेलवाले, गाड्या बनवणारे यांची स्वतःची टेक ऑफिसं पुण्यात खराडीत, हिंजवडीत आहेत, ती तिसरी जात. तिन्हीकडे इमारत काचेचीच असते, आयकार्ड गळ्यात तसंच असतं, पण तुम्ही दिवसभर हाताने काय करता ते पूर्ण वेगळं असतं. आणि पहिल्या दोन वर्षांत हाताला कसली सवय लागते यावर पुढचं लई अवलंबून आहे.

माझं काय झालं बघा. तीन महिने ट्रेनिंग, ते खरंच चांगलं होतं, जावा मी तिथेच नीट शिकले. मग पाच महिने बेंच. रोज कार्ड स्वाइप करून आत जायचं, कॅन्टीनच्या शेजारच्या टेबलावर बसायचं आणि मेल बघायचा. मग एका परदेशी बँकेच्या जुन्या सिस्टिमचा सपोर्ट प्रोजेक्ट मिळाला, दुपारी दीड ते रात्री साडेदहा. महिनाअखेरीला एक बॅच जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारा प्रोग्रॅम) हमखास फेल व्हायचा कारण एक फाईल उशिरा यायची, आम्ही ती आली का बघायचो आणि जॉब परत चालू करायचो, तिकीट (म्हणजे तक्रारीची नोंद) बंद. मी एकदा सिनियरना म्हटलं की सर, फाईल आलीय का हे जॉबनेच तपासलं तर? ते म्हणाले तो बदल आपल्या स्कोपमधे नाही. माणूस चांगला होता, त्यांच्या हातात खरंच नव्हतं. दोन वर्षं मी तो जॉब परत चालू करत राहिले. 2019 ला इंटरव्ह्यूत एकाने सरळ विचारलं की या जॉबच्या आत नेमकं काय होतं, आणि मला सांगता आलं नाही. त्या दिवशी स्वारगेटवरून सांगलीची गाडी पकडली तर साताऱ्यापर्यंत खिडकीकडे तोंड करून रडत होते.

छोट्या कंपनीत पहिल्या आठवड्यात मी चार ओळींचा बदल पाठवला आणि त्यावर अकरा कमेंट आल्या. पहिलीच अशी, की कोडमधल्या या व्हेरिएबलचं (माहिती ठेवायच्या जागेचं) नाव टेम्प टू का, यात काय आहे ते नावात लिही. तिसऱ्यांदा पाठवला तेव्हा मंजूर झाला. वाईट वाटलं, पण इंजिनिअर म्हणून माझं खरं शिक्षण तिथून सुरू झालं, कारण पहिल्यांदाच कुणीतरी माझा कोड बसून वाचत होतं. म्हणून मी सगळ्यांना हेच विचारायला सांगते, तुमचा कोड कोण वाचणार?

याचा अर्थ छोटी कंपनी चांगली असा काढू नका. माझा मावसभाऊ अशाच एका छोट्या कंपनीत होता, तीन महिने पगार झाला नाही, चौथ्या महिन्यात ऑफिसला कुलूप. त्याला सगळी सिस्टिम तोंडपाठ होती म्हणून दुसरी नोकरी लवकर मिळाली, पण तीन महिने त्याच्या रूमचं भाडं काकांनी तासगावची द्राक्षं विकून भरलं. आणि आत्ताच्या मोठ्या कंपनीत मी जे शिकले ते छोट्या ठिकाणी शिकलेच नसते. नवा बदल आधी शंभरातल्या एका युजरला द्यायचा, आकडे बघायचे, मग पुढे. रात्री काही पडलं तर दुसऱ्या दिवशी लिहून काढायचं की काय झालं आणि का झालं, त्यात कुणाचं नाव घालून दोष द्यायचा नाही. लाखो लोक वापरतात अशी गोष्ट हाताळायची शिस्त मोठ्या ठिकाणीच लागते.

त्यामुळे माझं मत असं आहे. घरात एज्युकेशन लोन असेल, कोर्स संपल्यावर साधारण वर्षभरात हप्ते चालू होतात, आणि हातात मोठ्या सर्व्हिस कंपनीची एकच ऑफर असेल तर बिनधास्त जा, त्यात कमीपणा काही नाही. आमचं 2 लाख 80 हजारांचं लोन त्याच पगारातून फिटलं. फक्त जाताना कॅलेंडरवर दीड वर्षाची तारीख लिहून ठेवा. त्या तारखेला स्वतःला विचारा की मी गेल्या सहा महिन्यांत काय बनवलं, आणि उत्तर नुसती तिकिटं असेल तर प्रोजेक्ट बदलून मागा, नाही मिळाला तर तयारी चालू करा. मी ती तारीख लिहिली नव्हती. नोटीस पिरियड (राजीनामा दिल्यावर काम करायचे दिवस) बऱ्याच ठिकाणी 90 दिवसांचा असतो, तोही हिशोबात धरा.

बेंचवर असाल तर गप बसू नका. प्रोजेक्ट मॅनेजरना स्वतः मेल करा, अंतर्गत ओपनिंग रोज बघा, टेस्टिंग आणि सपोर्ट येईल ते पटकन घ्यायच्या आधी डेव्हलपमेंट आहे का ते विचारा.

बाँडबद्दल (ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे भरायचा करार) सिनियर पोरं सांगतात की त्याला काय अर्थ नसतो, सही कर. असं नाहीये. 2025 मधे सुप्रीम कोर्टाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत सोडल्यास 2 लाख भरायची अट वैध धरली. सगळेच बाँड टिकतात असं पण नाही, कायद्याने वाजवी नुकसानभरपाईच मागता येते, पण सही करताना पूर्ण वाचा आणि रक्कम घरी सांगा. ओरिजिनल मार्कशीट कुणाकडेही ठेवायला देऊ नका, व्हेरिफिकेशनला दाखवायची आणि परत घ्यायची.

आणि आईवडिलांसाठी एक, मोठी कंपनी म्हणजे सरकारी नोकरी नाही. मेटाने नोव्हेंबर 2022 मधे 11 हजार लोक कमी केले, गूगलने जानेवारी 2023 मधे 12 हजार, आणि टीसीएसने 2025 मधे साधारण 12 हजार लोक कमी करणार असं जाहीर केलं. पोराला काढलं तर ती त्याची चूक असेलच असं नाही, घरी आल्यावर तोंड पाडून बसू नका.

मेकॅनिकलची पोरं पण विचारतात, आयटीत जाऊ का. मशिनपाशी उभं राहायला खरंच आवडत असेल तर घाई करू नका. माझी एक मैत्रीण कुपवाड एमआयडीसीत 11 हजारांवर लागली होती, सगळे हसले, आज ती तिथलीच पूर्ण क्वालिटी बघते आणि घरी जेवायला येते. पण आवडत नसेल तर तेही मान्य करा.

यंदा आलेल्या तिघांतली एक मुलगी खणभागातली आहे. तिच्या लेटरमधे जॉइनिंगची तारीख नव्हती, नुसतं नंतर कळवू. तिला मी एचआरला चार ओळी लिहायला लावल्या, जॉइनिंग कधी, लोकेशन कुठलं, ट्रेनिंगनंतर प्रोजेक्ट कसा ठरतो, शिफ्ट असते का. तिला भीती वाटत होती की विचारलं तर ऑफर काढून घेतील, तिची आई पण नको म्हणत होती. शेवटी आमच्याच कट्ट्यावर बसून तिने मेल पाठवला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, लोकेशन पुणे, तारीख ऑगस्टनंतर, बाकीचं ट्रेनिंगमधे कळेल. म्हणजे अडीच महिने हातात आहेत. सध्या ती रोज सकाळी दोन तास आमच्याकडे येते, आम्ही एका अडत दुकानासाठी पट्टीचा हिशोब करणारा छोटा प्रोग्रॅम लिहितोय, आणि हमाली तोलाईचे दर वडील सांगतात.