सत्ताधारी पक्षात रिफॉर्मवरून फूट आणि त्यात राज्याची निवडणूक: निकाल वाचायचा कसा (जर्मनी 2005 घेऊन)

जर्मनीत कुठल्या राज्याची निवडणूक झाली की आपल्या ग्रुपवर दुसऱ्या दिवशी एकच वाक्य फिरतं, जनतेने सरकारच्या सुधारणा नाकारल्या. बऱ्याचदा ते अर्धवट असतं, कधीकधी साफ चुकीचं. म्हणून म्हटलं एक जुनी निवडणूक घेऊन दाखवावं की पक्ष आतून फाटलेला असताना राज्याचा निकाल कसा बघायचा, आधी काय शोधायचं, कुठला आकडा सोडून द्यायचा. उदाहरण घेतोय 22 मे 2005 चं, नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्य, पुढे नुसतं एनआरडब्ल्यू म्हणतो. यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही, कारण इथे एका राज्याच्या निकालाने अर्ध्या तासात केंद्र सरकारचा निकाल लावला.

सगळ्यात आधी भांडण नेमकं कशावर आहे ते शोधा. "रिफॉर्म" हा शब्द काही सांगत नाही, खिशातून काय जाणार आहे ते बघायचं. चान्सलर गेऱ्हार्ड श्रोडर यांनी 14 मार्च 2003 ला संसदेत अजेंडा 2010 नावाचा प्लॅन मांडला आणि त्यातला सगळ्यात झोंबणारा तुकडा म्हणजे हार्ट्झ फोर, जो 1 जानेवारी 2005 ला लागू झाला (हार्ट्झ हे फोक्सवागनचे एचआर डायरेक्टर, त्यांच्या कमिटीवरून नाव पडलं). आधी काय होतं, नोकरी गेली की सुरुवातीला विम्यातून भत्ता मिळायचा, तो संपला की दुसरा एक भत्ता, जो तुमच्या जुन्या पगाराच्या प्रमाणात असायचा आणि त्याला तशी मुदत नव्हती. हार्ट्झ फोरने हा दुसरा भत्ता गरिबांच्या सरकारी मदतीत मिसळून टाकला आणि सगळ्यांना सरसकट एकच रक्कम, एकट्या माणसाला पश्चिमेत महिन्याला 345 युरो, पूर्वेत 331, वर घरभाड्याचे पैसे वेगळे. आता पन्नाशीतला एक वेल्डर डोळ्यासमोर आणा, तीस वर्षं एका कारखान्यात घासली, दर महिन्याला विमा भरला, कारखाना बंद पडला, आणि विम्याचा भत्ता संपल्यावर तो त्याच रांगेत ज्यात कधीच काम न केलेला माणूस उभा आहे. त्याला भरायला फॉर्म आला 16 पानी, बँकेत किती, बायको किती कमावते, घर किती मोठं. पोरांच्या नावावरच्या बचतीपर्यंत प्रश्न गेले तेव्हा इतकी बोंब झाली की 2004 च्या ऑगस्टमध्ये सरकारला मुलांच्या बचतीची सूट वाढवून 4,100 युरो करावी लागली.

हा वेल्डर कोणाचा मतदार? एसपीडीचा, म्हणजे श्रोडर यांच्याच सोशल डेमोक्रॅट पक्षाचा. आणि कायदा कोणी केला? एसपीडीने. फूट म्हणतात ती इथून सुरू होते, नेत्यांच्या रुसव्याफुगव्यातून नाही, हे डोक्यात ठेवा.

मग फूट किती खोल आहे ते मोजायचं. इथे लोक पक्षाच्या अधिवेशनातला ठराव बघतात आणि फसतात. 1 जून 2003 च्या खास अधिवेशनात अजेंड्याला साधारण 90 टक्के प्रतिनिधींनी हात वर केला, तेवढ्यावर जाल तर वाटेल पक्ष एकदम एकसंध. हातांवर जाऊ नका, पायांवर जा, म्हणजे कोण कुठे चाललंय. श्रोडरनी फेब्रुवारी 2004 मध्ये पक्षाध्यक्षपद सोडायचं जाहीर केलं आणि मार्चमध्ये ते फ्रान्झ म्युंटेफेरिंग यांच्याकडे गेलं. चालू चान्सलर पक्ष दुसऱ्याच्या हातात देतो याचा अर्थ कार्यकर्ते त्याचं ऐकेनासे झालेत. त्याच वर्षी उन्हाळ्यात माग्डेबुर्गपासून हार्ट्झ फोरविरुद्ध सोमवारचे मोर्चे सुरू झाले. कामगार संघटनांमधली आणि एसपीडीतून वैतागून निघालेली मंडळी एकत्र आली, जानेवारी 2005 मध्ये त्यांचा डब्ल्यूएएसजी नावाचा पक्षच उभा राहिला. आणि मतदानाला पाच आठवडे उरले असताना म्युंटेफेरिंगनी एका मुलाखतीत गुंतवणूक फंडांना टोळधाड म्हटलं, कंपनीवर येऊन बसतात, फस्त करतात, पुढे जातात अशा अर्थाने. म्हणजे सरकार म्हणतंय मार्केटला मोकळीक द्या आणि सरकारी पक्षाचा अध्यक्ष म्हणतोय मार्केट आपल्याला खातंय! असं काही दिसलं की समजा पक्षाने स्वतःच्याच धोरणाविरुद्ध प्रचार सुरू केलाय, आणि मतदाराला हे कळतं, तो येडा नसतो.

आता राज्य. राज्य कुठलं आहे यावर निम्मा अर्थ ठरतो. 2003 पासून एसपीडी बहुतेक ठिकाणी मार खातच होती. फेब्रुवारी 2003 मध्ये लोअर सॅक्सनी गेलं, त्याच वर्षी बव्हेरियात 20 टक्क्यांच्या खाली, 2004 मध्ये सॅक्सनीत तर 10 च्या खाली, आणि मार्च 2005 मध्ये श्लेस्विग-होलश्टाइनला एसपीडीच्या हायडे सिमोनिस सीएमपदासाठी उभ्या राहिल्या आणि गुप्त मतदानात चार वेळा एकच मत कमी पडलं, तो एक जण कोण ते आजपर्यंत बाहेर आलं नाही. तरी सरकार चालू होतं. मग एनआरडब्ल्यूलाच काय एवढं? तर जवळपास 1 कोटी 80 लाख लोकवस्ती, देशातलं सगळ्यात मोठं राज्य, ऱ्हूर पट्ट्यातला कोळसा आणि पोलाद, 1966 पासून सलग 39 वर्षं एसपीडीचा सीएम. त्यातली वीस वर्षं एकट्या योहानेस राऊंची, जे पुढे राष्ट्रपती झाले. वर श्लेस्विग-होलश्टाइन गेल्यावर एसपीडी आणि ग्रीन (केंद्रातही तिचा जोडीदार असलेला पर्यावरणवादी पक्ष) यांचं एकत्र राज्य सरकार देशात एवढं एकच उरलेलं. बालेकिल्ला आणि शेवटचा मोहरा एकाच जागी असेल तर ती निवडणूक राज्याची राहत नाही, उमेदवार कितीही बोंबलोत की आपण रस्ते आणि शाळांवर बोलू.

आणि उमेदवारावरून आठवलं, सीएम कोण हवा या प्रश्नाचा सर्व्हे बाजूला ठेवा. एसपीडीचे तेव्हाचे सीएम पेअर श्टाइनब्रुक व्यक्ती म्हणून सीडीयूच्या (मुख्य विरोधी पक्ष) युर्गन ऱ्युटगर्सपेक्षा पुढे होते, काही फायदा झाला नाही. एक तर ते 2002 च्या शेवटी मधेच सीएम झालेले, कारण आधीचे वोल्फगांग क्लेमेंट बर्लिनला अर्थव्यवस्था आणि कामगार खात्याचे मंत्री म्हणून गेले, आणि हार्ट्झ फोर राबवणारे मंत्री हेच क्लेमेंट! म्हणजे राज्यातल्या मतदाराला केंद्राचा राग काढायला लांब जायची गरजच नव्हती. त्यात एनआरडब्ल्यूत तेव्हा मतदाराला एकच मत असायचं, उमेदवाराला दिलेलं तेच पक्षाला, दोन मतांची पद्धत 2010 पासून आली. त्यामुळे "माणूस चांगला पण पक्ष नको" असं सांगायची सोयच नव्हती. कुठल्याही जर्मन राज्याचा निकाल वाचायच्या आधी मतं एक की दोन हे बघून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे आणि अर्धे गैरसमज वाचतात.

बेकारीच्या आकड्याबद्दलही सावध राहा. जानेवारी 2005 मध्ये बेकारांची संख्या 50 लाखांच्या वर गेली, फेब्रुवारीत 52 लाख, युद्धानंतरची सगळ्यात मोठी, एनआरडब्ल्यूत एकट्या 10 लाखांच्या वर. पण यातला चांगला मोठा भाग कागदावरचा होता, कारण आधी जे लोक सरकारी मदतीवर होते आणि काम करू शकत होते ते नव्या कायद्याने बेकारांच्या यादीत आले. सुधारणेने बेकारी एका महिन्यात वाढवली नाही, मोजायची पद्धत बदलली. पण हे टीव्हीवर समजावत बसणार कोण, आणि याच राज्यातल्या ज्या बोखुमला आदल्याच ऑक्टोबरमध्ये ओपेलच्या कामगारांनी नोकरकपातीविरुद्ध काम बंद पाडलं होतं तिथे ऐकणार तरी कोण.

निकालाचा दिवस. जर्मनीत मतदान रविवारी असतं, सहाला बंद होतं आणि सहाच्या ठोक्याला टीव्हीवर अंदाज येतो, तो मतदान करून बाहेर पडलेल्यांना विचारून काढलेला. मग थोड्या थोड्या वेळाने खऱ्या मोजणीवर आधारलेले सुधारित अंदाज. मोठं अंतर असेल तर सहाचा अंदाजही पुरतो, 5 टक्क्यांच्या उंबरठ्याजवळ (त्याखाली पक्षाला जागाच मिळत नाही) कोणी छोटा पक्ष लटकत असेल तर मात्र रात्रीपर्यंत थांबा. शेवटी आलं ते असं: सीडीयू 44.8, एसपीडी 37.1, ग्रीन आणि उदारमतवादी एफडीपी दोघं 6.2. डब्ल्यूएएसजी 2.2, म्हणजे बाहेरच.

आता इथे सगळ्यात महत्त्वाचं, टक्के सोडा आणि मतं मोजा. 2000 ला एसपीडीला 42.8 टक्के होते, म्हणजे जवळजवळ सहा टक्के घसरण, पेपरवाले म्हणणार मतदार पळाला. पण प्रत्यक्षात 2000 ला साधारण 31 लाख 40 हजार मतं होती आणि 2005 ला 30 लाख 60 हजार, जेमतेम 80-85 हजारांचा फरक. मग गेलं काय? मतदान 56.7 टक्क्यांवरून 63 टक्क्यांवर गेलं आणि सीडीयू 27 लाखांवरून 37 लाखांवर, जवळपास 10 लाखांची भर! अर्थात आतल्या आत बरीच सरमिसळ झाली असणार, काही एसपीडीवाले घरी बसले, काही सीडीयूला गेले, त्यांच्या जागी दुसरे आले. पण "रागावलेले डावे नव्या डाव्या पक्षाकडे गेले आणि एसपीडी पडली" ही जी आवडती गोष्ट आहे ती 2.2 टक्क्यांत बसत नाही. माझं मत विचाराल तर फाटक्या पक्षाचं खरं नुकसान असं होतं की तो समोरच्याला घराबाहेर काढतो आणि स्वतःच्या मतांत भर घालू शकत नाही.

पुढची गंमत म्हणजे सीडीयू काही हार्ट्झ फोरच्या विरोधात नव्हती. राज्यांच्या सभागृहात बहुमत विरोधकांचं असल्यामुळे डिसेंबर 2003 ची तडजोड त्यांच्याबरोबर बसूनच झाली आणि त्यांना कायदा अजून कडक हवा होता. मग जनतेने सुधारणा नाकारल्या म्हणणार कसं, जिला निवडलं ती तर जास्त सुधारणा मागत होती. लोकांनी भांडणाऱ्या घराला नाकारलं, एवढंच खात्रीने म्हणता येतं.

या सभागृहाचंही समजून घ्या, बुंडेसराट. आपल्या राज्यसभेसारखं वाटतं पण तिथे आमदारांनी निवडलेले खासदार नसतात, राज्य सरकारं स्वतः बसतात आणि एका राज्याची सगळी मतं एकगठ्ठा पडतात, एनआरडब्ल्यूची 69 पैकी 6. त्यामुळे राज्य हरलं आणि तिथे नवं सरकार आलं की केंद्राच्या कायद्यांवर परिणाम. आणि खालच्या सभागृहात श्रोडरकडे 2002 ला 603 पैकी 306, म्हणजे बहुमताच्या वर फक्त चार. आपल्याच बाजूचे पाच जण विरोधात गेले की कायदा पडला.

हे गणित माहीत असेल तर त्या संध्याकाळचा धक्का कळतो. सहाला अंदाज आला आणि साडेसहाच्या आत म्युंटेफेरिंग बर्लिनमध्ये माइकसमोर उभे, तिथल्या लोकसभेची, म्हणजे या खालच्या सभागृहाची निवडणूक वर्षभर आधी, याच शरद ऋतूत घेऊ. पराभवावर दोन शब्द बोलतील म्हणून बसलेले पत्रकार उडालेच. हरलेला नेता त्याच रात्री काय मागतो ते नेहमी बघा, वेळ मागत असेल तर त्याला पक्ष सांभाळायचाय, निवडणूक मागत असेल तर पक्ष त्याला सांभाळता येणार नाहीये. 1 जुलैला श्रोडर मुद्दाम विश्वासदर्शक ठराव हरले, त्यांच्याच बाजूचे लोक तटस्थ राहिले, आणि 18 सप्टेंबरला मतदान. सीडीयू आणि तिचा बव्हेरियातला जोडीदार सीएसयू मिळून 35.2, एसपीडी 34.2, मे महिन्यात मेलेला म्हणून सोडून दिलेला पक्ष एका टक्क्यावर आला. दरम्यान ऑस्कर लाफोंतेन, एसपीडीचे माजी अध्यक्ष, यांनी एनआरडब्ल्यूनंतर दोनच दिवसांत पक्ष सोडायचं जाहीर केलं, पुढे ते डब्ल्यूएएसजीकडे गेले आणि डाव्यांच्या संयुक्त यादीला 8.7 टक्के मिळाले. राज्यात न दिसलेली फूट देशात दिसली ती अशी, चेहरा मिळाल्यावर. मर्केल चान्सलर झाल्या एसपीडीलाच बरोबर घेऊन, आणि एनआरडब्ल्यू हरलेले श्टाइनब्रुक अर्थमंत्री!

पुण्या-बंगळूरच्या आयटीवाल्यांना ऱ्युटगर्स हे नाव दुसऱ्या कारणाने आठवत असेल. 2000 च्या प्रचारात श्रोडर सरकारने कॉम्प्युटरवाल्यांसाठी ग्रीन कार्ड आणलं तेव्हा "किंडर श्टाट इंडर", भारतीयांऐवजी आपली पोरं, ही घोषणा त्यांच्याच नावावर चिकटली. तेव्हा हरले, पाच वर्षांनी तेच जिंकले. एनआरडब्ल्यूच्या राजधानीत, डुसेलडॉर्फला राहणाऱ्या आपल्या लोकांना यात बोलायची सोय नाही, राज्याच्या निवडणुकीत मत फक्त जर्मन नागरिकाला, कितीही वर्षं टॅक्स भरा.

आणि निकाल लागला म्हणून फाइल बंद करू नका, दोन-तीन वर्षं उघडी ठेवा. विम्याचा भत्ता वयस्कर कामगारांना आधी 32 महिन्यांपर्यंत मिळायचा, अजेंड्याने तो 12 वर आणि 55 च्या पुढच्यांना 18 वर आणला, लागू फेब्रुवारी 2006 पासून. तो परत वाढवा अशी मागणी 2006 मध्ये कोणी लावून धरली, तर ऱ्युटगर्सनी, सीडीयूच्या! मग एसपीडीला कसं राहवेल, 2007 च्या हॅम्बुर्ग अधिवेशनात तेव्हाचे पक्षाध्यक्ष कुर्ट बेक यांनी म्युंटेफेरिंगचा विरोध मोडून तेच मंजूर करून घेतलं, आणि 2008 पासून 58 च्या पुढच्यांना भत्ता 24 महिने झाला. सरसकट रकमेवाला हार्ट्झ फोर मात्र तेव्हा तसाच राहिला.